खंदकापलीकडचा संडास

इड्रिस प्रॉसरनं सकाळीच बायकोला, ओल्वेनला, बजावलं होतं, की आज बोलायचं काम त्याचं, तिनं फक्त चहा द्यायचा. जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा खात्याच्या बाईला तो असा गुंडाळणार होता, की ती जाताना आपणहून परवानगीवर सही ठोकून जाईल.

मागणी ती केवढी! ओल्वेनचा खुबा कामातून गेलेला. संडास माडीवर, आणि चौदा पायऱ्या ती बसत बसत चढायची. खाली संडास बांधायचा तर पाइप मागच्या खंदकातून न्यायला हवा, आणि खंदक पडला नॉर्मन राजांच्या काळातल्या किल्ल्याचा. किल्ला कसला, टेकाडावर तीन दगड आणि त्यांच्याभोवती मेंढ्यांच्या लेंड्या. पण संरक्षित! सशांनी बिळं पाडली तर चालतं, माणसानं कुदळ लावली की कोर्ट.

बाई आली. इड्रिसनं तिला खंदकाकाठी नेऊन सांगितलं, की हे तर सासऱ्यानं बदकांसाठी खणलेलं डबकं. बाईनं मुकाट लिहून घेतलं. इड्रिसच्या मिशीत हसू मावेना. मग स्वयंपाकघरात चहा पिताना तिनं सहज विचारलं, ते तीन दगडही मग जुन्या डुकरखान्याचेच का?

"नाहीतर काय," इड्रिस म्हणाला. "सासऱ्याला दुसरं येत काय होतं?"

इथंच माशी शिंकली. घर ओल्वेनच्या माहेरचं, इड्रिस घरजावई. ती काठी टेकत उठली.

"माझा बाप काढतोस? नऊशे वर्षांचा किल्ला आहे तो, बाई. या, दाखवते."

तिनं कोठीतला किल्ल्याचा कोरीव दगडी चेहरा दाखवला, चुलीमागची कमान दाखवली, बापानं हातानं काढलेला खंदकाचा नकाशाही काढून दिला. इड्रिस खुणा करकरून थकला.

महिन्यानं पत्र आलं. संरक्षित हद्द आता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, आणि ओल्वेनचे मनःपूर्वक आभार.

उन्हाळ्यात बघे येऊ लागले. खात्यानं त्यांच्यासाठी न खणता बसणारा तयार संडास आणून ठेवला. रुंद दार, धरायला दांडे, पायरी एकही नाही. इड्रिसनं तसलाच मागितला, तर घरगुती वापरासाठी हद्दीत काही ठेवता येत नाही म्हणे. दारावर पाटी होती: फक्त किल्ला पाहणाऱ्यांसाठी, दहा ते चार.

पहिल्याच दिवशी रखवालदारानं ओल्वेनला हटकलं.

"किल्लाच बघायला आलेय, बाबा," ती म्हणाली. "उघड लवकर."

आता ती रोज किल्ला बघते, दिवसातून तीनदा. चारला रखवालदार कुलूप घालतो, आणि ओल्वेन घरी येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते.