जाफराबादी अनारसा

अनारसे तळणं हे बायकांनी उगाच मोठं करून ठेवलेलं काम आहे, असं मी बदनापुरात चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलोय. कढई असते, तूप असतं, खाली जाळ असतो. पीठ आत सोडायचं, फुललं की काढायचं. यात कसली आलीय विद्या? पण आमची बायको गोजरबाई अनारसे तळायला बसली की घरात शिंकायलासुद्धा बंदी. कुणी मधे बोललं तर अनारसा तुपात विरघळून जातो म्हणे. त्याला अनारसा 'हसला' म्हणतात. माझ्या गोष्टींना आजकाल माणसं हसत नाहीत आणि हिच्याकडं पिठाचे गोळे हसतात!

यंदा दिवाळीत मला संधी मिळाली. माळ्यावरचं पातेलं काढताना गोजरबाई स्टुलावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरात गेला. मला फार वाईट वाटलं. निदान विचारायला आलेल्या सगळ्यांना मी तसंच सांगितलं.

अडचण शिदोरीची होती. आमची लेक तृप्ती लग्नानंतर पहिल्यांदाच दिवाळीला आल्ती. लेक सासरी निघाली की माहेरची शिदोरी सोबत द्यायची आणि तिकडं ती भावकीत घरोघर वाटायची, ही आपली रीत. विकतची दिली तर माहेर आळशी. लेकीनं स्वतःच तळली असं कळलं तर माहेर बुडालंच. आणि तिच्या सासरची, वाटूरची भावकी अशी, की पहिल्या शिदोरीवरून पोरीला जे नाव पडतं ते जन्माला चिकटतं. तिथल्या एका बाईला अजून 'खाऱ्या लाडवाची' म्हणतात. तिला आता नातसुना आल्यात.

"पीठ मी पडायच्या आधीच मुरवून ठेवलंय," गोजरबाई म्हणाली. "शेजारच्या चांगुणाबाईला बोलवा तळायला."

"म्हंजे गावभर बोभाटा. मी तळतो."

"तुम्ही? तुम्हाला दूध तापवता येत न्हाई."

"दूध वेगळं. त्याला अक्कल न्हाई, ते उतू जातं."

मायलेकी दवाखान्यात प्लास्टर दाखवायला जालन्याला गेल्या आणि मी कढई चढवली. अनारसा खसखशीवर थापतात एवढं मला ठाऊक होतं. खसखस डब्याच्या तळाशी चिमूटभर उरलेली. शेजारच्याच डब्यात उपासाचा राजगिरा होता. तसाच बारीक, तसाच फिकट. खसखशीची थोरली बहीणच म्हणा. मी बिनधास्त त्यावर अनारसे थापले आणि तुपात सोडले.

पहिले दोन क्षण शांततेत गेले. मग राजगिरा फुटायला लागला. तडतड अशी, की शेजारच्यांनी दिवाळी संपल्यावर फटाके कोण वाजवतंय म्हणून दार उघडलं. एक दाणा माझ्या कानाला चाटून गेला, एक देव्हाऱ्यात पडला. मी परात ढालीसारखी धरून लढलो. शेवटी ताटात जे उतरलं, त्या प्रत्येकावर मेंढरासारखी पांढरी लोकर होती.

गोजरबाई परत आली. डाव्या हातानं ताटातला एक उचलून उजेडात धरला.

"हे काय हाय?"

"अनारसे."

"कातरायचे हैत का खायचे?"

पीठ संपलं होतं आणि जावई गाडी घेऊन दारात उभे होते. तृप्ती रडवेली झाली. "दादा, आता मला लोकरीवाली म्हणतील."

"कोण म्हणतंय? सांग, आईच्या माहेरची चाल हाय. जाफराबादी अनारसा. निजामाच्या काळापासून चालत आलाय. एका सुभेदारानं खाल्ला आन् ताट बी चाटलं."

"माझ्या माहेराला कशाला ओढता?" गोजरबाई कडाडली. पण डबा गाडीत गेला होता.

नंतर तृप्तीचा फोन आला. आवाज वेगळाच. "दादा, भावकीनं डबे पुसून खाल्ले. सासूबाई म्हणून राह्यल्या, असा कुरकुरीत अनारसा जन्मात खाल्ला न्हाई. आईचं प्लास्टर निघालं की शिकायला येणार हैत. केशरकाकूला घेऊन."

प्लास्टर निघालं आणि त्या खरंच आल्या. विहीण नंदाबाई, त्यांची जाऊ केशरबाई आणि मागं जीव मुठीत धरलेली तृप्ती. मी गोजरबाईच्या हातापाया पडून सांगितलं होतं, राजगिरा लाव. ती म्हणाली, "माझ्या हातून ते पाप होणार न्हाई." आणि तिनं तिचे अनारसे तळले. जाळीदार, सोनेरी, तोंडात टाकताच विरघळणारे. एकही हसला नाही.

नंदाबाईंनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. "चांगले हैत," त्या म्हणाल्या. "पण ते न्हाईत."

"मला असेच येतात."

"म्हंजे शिदोरीला वेगळे आन् आमच्यासमोर वेगळे? लपवायचं असंल तर तसं सांगा, इहीनबाई. आम्ही उगाच जीपचा खर्चा केला."

केशरबाईंनी पदर सावरला आणि तृप्तीकडं बघितलं. त्या बघण्यात पुढची तीस वर्षं होती. तृप्तीनं माझ्याकडं बघितलं. माझा नाइलाज झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलायचं ठरवलं.

"ते अनारसे मी केल्ते."

नंदाबाई आणि केशरबाई खो खो हसल्या. तृप्तीची मात्र मान खाली.

"इवाई," नंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "साखरपुड्यात तुम्ही सांगितलं, तुमच्या बैलाला एसटीचं टाइमटेबल पाठ हाय. ते बी आम्ही ऐकून घेतलं. पण हे बिलकुल न्हाई."

खरं बोलून उपयोग नसतो, हे मी आधीपासून सांगत होतो. मग उठलोच. उरलेलं पीठ घेतलं, राजगिरा पसरला, दोघींच्या देखत अनारसे थापून तुपात सोडले. तडतड सुरू झाली तशी केशरबाई खांबामागं गेल्या. नंदाबाई मात्र हलल्या नाहीत. लोकरवाला अनारसा ताटात पडताच त्यांनी तो फुंकर मारून तोंडात घातला. मी, गोजरबाई, तृप्ती, सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत बसलो.

"हाच," त्या म्हणाल्या. "बराबर हाच."

तृप्तीनं इतक्या जोरात श्वास सोडला की ताटातल्या लाह्या उडाल्या. नंदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सून चांगल्या घरची हाय गं, केशर. हिच्याकडं बाप बी चुलीपुढं बसतो." पोरीचं नाव राहिलं. मी कृतार्थ झालो. तिथंच सगळं थांबायला हवं होतं.

पण जीपमध्ये बसता बसता नंदाबाई वळल्या आणि आमच्या मंडळींना मायेनं म्हणाल्या, "इहीनबाई, राग मानू नका. तुमच्या हातचे तेवढे जमत न्हाईत. चव इवायांच्याच हाताला हाय. तुम्ही बी शिकून घ्या जरा."

जीप गेली. गोजरबाई आत गेली, झारा आणला, माझ्या हातात दिला आणि पाय पसरून टीव्हीपुढं बसली.

तेव्हापासून दोन्ही वेळचा स्वैपाक मीच करतो. आज वांग्याची भाजी केलीय. करपलीय थोडी. पण हाताला चव आहे म्हणतात.