भानुमतीच्या घरचं घरपोच मटण

एका जंगलात, मुलांनो, वाघांनी शिकार सोडून दिली होती. धावायचं कशाला? हाक मारली की घार घरपोच मटण आणून द्यायची, बर्फासकट, छान पाकिटात. वाघांची पोटं सुटली होती आणि नखांना मेंदी लागली होती.

तिथल्या भानुमती वाघिणीच्या लेकीला, शेवंतीला, बघायला पाहुणे यायचे होते. भानुमतीने सकाळीच मटण मागवलं आणि पाकीट उन्हातल्या खडकावर मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको?

शेजारची तरसीण, गोदाक्का, वास घेत आली.

"अगं, बर्फ वितळला. झऱ्याच्या गार पाण्यात ठेव ते."

"पाकिटावर 'ताजे' असं छापलंय, गोदाक्का."

"पाकिटावर छापलंय. मटणाला कोणी सांगितलंय?"

भानुमतीने नाक मुरडलं. उष्टं-खरकटं खाणारी तरसीण आपल्याला ताजं-शिळं शिकवणार!

दुपारी पाहुणे टेकडीवर दिसले आणि भानुमतीची धांदल उडाली. चुलीत लाकडं कोंबून तिने मटण भडक्यावर टाकलं. वरून काळं झालं, आतून लालच.

"आच कमी कर, झाकण ठेव!" गोदाक्का कुंपणावरून ओरडली. "हाडापासून सुटेपर्यंत शिजू दे. पाहुण्यांना तोवर गप्पांत बसव."

"पाहुणे मोठ्या जंगलातले आहेत. तिकडे असंच खातात!"

पानं वाढली. मुलाच्या आईने पहिला तुकडा मोडला.

"अय्या, आत लाल! किती सुधारलेलं घर!"

मग मागासलेलं कोण दिसणार? सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं. गोदाक्कालाही आग्रह झाला.

"मला उपास आहे," ती म्हणाली.

तरसीण आणि उपास! सगळे खो खो हसले. हसता हसता नवरामुलगा एकदम उठला.

"जरा करवंदीच्या जाळीमागे जाऊन येतो."

पाठोपाठ त्याचे वडील गेले. मग भानुमती. वर्षानुवर्षं न धावलेले वाघ असे धावले की हरणं बघत राहिली.

गोदाक्काने तांदळाची पेज चुलीवर चढवली.

शेवंती जाळीपाशी थांबली. "बरं वाटतंय का?"

"थोडं," आतून नवरामुलगा कण्हला. "तुम्ही काळजी करता हो माझी!"

"काळजी नंतर. आधी उठा, मला जागा द्या!"

आतून इतकं हसू फुटलं की जाळी हलली. शेवंतीही हसत सुटली.

संध्याकाळी पेज पीत मुलाची आई म्हणाली, "विहीणबाई, आता आपल्यात लपवायचं काही उरलंच नाही. मुलगी पसंत आहे."

तात्पर्य, मुलांनो, नीट पाठ करा: मटण चांगलं शिजलं तर पाहुणे जेवून निघून जातात; कच्चं राहिलं, तर सोयरीक जुळते.