वल्हवणारा वाघ

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ राहत होता. त्याचं नाव तुळाजीराव. जंगलातून एक मोठी नदी वाहत होती. पण तुळाजीरावांना पाण्याची फार भीती. त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडायची. जेवण.

एकदा ते पांडबा सांबराच्या मागे धावले. पांडबा टेकडी चढून पलीकडे उतरला. तुळाजीरावांना अर्ध्यातच धाप लागली आणि ते मटकन खाली बसले. बसले ते नेमके मुकुंदा कोल्ह्याच्या शेपटीवर.

"सांबर नाही तर कोल्हा," तुळाजीराव म्हणाले. "चव बेताची असते. पण चालेल."

मुकुंदाची बोबडीच वळली. पण तो नुकताच शहरातून परतला होता. आणि शहरातून परतलेल्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

"खा महाराज, माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पण तुमची छाती किती धडधडतेय! अशात जेवलात तर काही खरं नाही. आधी हृदयाकडे बघा."

तुळाजीरावांनी छातीवर पंजा ठेवला. आत खरंच काहीतरी धडधडत होतं. इतकी वर्षं त्यांना याची कल्पनाच नव्हती. ते घाबरले. त्यामुळे ते आणखी धडधडलं.

मुकुंदाने त्यांना आपल्या गुहेत नेलं. तिथे एक यंत्र होतं. पुढे-मागे सरकणारी बैठक, साखळीला अडकवलेला दांडा आणि समोर आकडे दाखवणारी काच.

"हे वल्हवायचं यंत्र," मुकुंदा म्हणाला.

"पण नाव कुठाय?"

"नाव नसते."

"आणि पाणी?"

"पाणीही नसतं."

तुळाजीरावांना हा व्यायाम फारच पसंत पडला.

मुकुंदाने त्यांच्या छातीला एक पट्टा बांधला. पट्ट्यावर एक दिवा होता आणि एक शिट्टी. "आता शास्त्र ऐका. दोनशे वीसमधून आपलं वय वजा करायचं. उरतील तेवढे ठोके ही आपली हद्द. त्या हद्दीच्या पुष्कळ आत राहून वल्हवायचं. आत आहात तोवर हिरवा दिवा. बाहेर गेलात की तांबडा दिवा आणि शिट्टी. शिट्टी वाजली की जे काही चाललंय ते थांबवायचं."

कोपऱ्यात एक कासव डोळे मिटून पडलं होतं.

"यांना काय झालं?" तुळाजीरावांनी विचारलं.

"आजोबांचं वय अडीचशे. वजाबाकी शून्याच्या खाली गेली. शास्त्राप्रमाणे ते हयात नाहीत."

"मी ऐकतोय हं," कासव म्हणालं.

"आजोबा, बोलू नका. बोललात की ठोके पडतात."

तुळाजीराव बैठकीवर बसले. पायांनी रेटा दिला, दांडा पोटापर्यंत ओढला आणि उत्साहाच्या भरात डरकाळी फोडली. शिट्टी वाजली.

"डरकाळी बंद," मुकुंदा म्हणाला. "गुणगुणलात तर चालेल."

त्या दिवसापासून तुळाजीराव गुणगुणत वल्हवू लागले. सकाळी वल्हवत, संध्याकाळी वल्हवत. पट्टा तर ते झोपतानाही काढेनात.

त्यांची बायको शेवंताबाई वैतागली. "अहो, घरात खायला हाडूक नाही. शिकारीला जाताय की परत वल्हवायला?"

"शेवंता, हळू बोल. मी तांबड्यात गेलो बघ."

शेवटी ते शिकारीला निघाले. पण हिरव्या दिव्यात. वाटेत पांडबा सांबर भेटला. तुळाजीराव त्याच्या मागे सावकाश चालू लागले. पांडबाही सावकाश पुढे चालू लागला.

"तू पळत कसा नाहीस?" तुळाजीरावांनी विचारलं.

"तुम्ही धावत नाही, मग मी कशाला दमू?"

"हे मात्र शहाणपणाचं. दमलास की तब्येत गेलीच."

दोघं बोलत बोलत नदीपर्यंत गेले. तिथे पांडबाने नमस्कार केला आणि उडी मारून पोहत पलीकडे गेला. तुळाजीराव काठावर उभे राहिले. दिवा अखेरपर्यंत हिरवा होता. त्यांना समाधान वाटलं.

जंगलात आनंदीआनंद झाला. सांबरांनी मुकुंदाचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, एक मानपत्रही वाचलं. हरणं त्याच्यासाठी रोज बोरं आणि मध आणू लागली. मुकुंदा चांगला गोल झाला. चालताना त्याचं पोट गवताला लागू लागलं.

तुळाजीरावांचं उलटं झालं. बरगड्या दिसू लागल्या. पट्टा कमरेपर्यंत घसरू लागला.

एका सकाळी मुकुंदा तो पट्टा आवळायला जवळ आला. काचेवरचा आकडा पाहून त्याचे डोळे चमकले.

"वा महाराज! बसल्या जागी ठोके किती खाली आलेत! केवढी ही प्रगती!"

"मुकुंदा," तुळाजीराव क्षीण आवाजात म्हणाले, "जेवण केल्याने ठोके वाढतात का रे?"

"छे! वाढतात ते धावपळीने. जेवण हाताशी असलं तर काही भीती नाही."

"अगदी हाताशी?"

"अगदी," मुकुंदा पट्टा आवळत म्हणाला.

तुळाजीरावांनी बसल्या बसल्या पंजा पुढे केला. दिवा हिरवाच राहिला.

थोडा वाटा त्यांनी घरी नेला. शेवंताबाई त्या दिवशी पहिल्यांदा व्यायामाबद्दल दोन शब्द चांगले बोलली.

सांबरांच्या कळपात मात्र सुतकी कळा पसरली. आता तुळाजीरावांना हिरव्यात कोण ठेवणार? बराच खल झाला. अखेर पांडबाने गुरूची जागा घ्यायचं कबूल केलं. यंत्र गुहेतून काढून नदीकाठी ठेवलं. रोज सकाळी पांडबा पलीकडच्या काठावर उभा राहतो आणि ओरडतो, "सावकाश, महाराज, सावकाश!"

तुळाजीरावांची प्रगती चांगली चालू आहे.

तात्पर्य: हृदयाच्या ठोक्यांवर नीट लक्ष ठेवल्यास आयुष्य वाढते. मात्र ते कोणाचे, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.