चिंचणीच्या काळ्या करकोच्याची मोहीम

श्री सागर प्रसन्न. पृथ्वीतलावर पूर्वी मोठमोठी युद्धे जाहाली, त्यांत राज्ये बुडाली, तख्ते फुटली, नद्यांस रक्ताचे पूर आले. परंतु शके १९२० बहुधान्य नाम संवत्सरी पौषमासी उत्तर कोकणप्रांती जो रणसंग्राम जाहाला, त्यापुढे ती सर्व युद्धे म्हणजे पोरखेळ, ऐसे जाणत्यांचे मत आहे. जाणते म्हणजे पालघरचे वामनराव, आणि हे मत त्यांच्या कुटुंबास मान्य नाही.

ऐसियास मूळ हकिकत येणेप्रमाणे. वामनराव तारखात्यातून पेन्शन घेऊन घरी बसले, आणि बसवेना, मग त्यांनी पक्षी पाहणारांचे मंडळ स्थापिले. कुल फौज सतरा असामी. जावयाने मुंबईहून जुना संगणक नजर केला, तो फोनच्या तारेस जोडिला असता प्रथम कुत्र्याच्या पिलासारखा केकाटे, मग घसा खरवडी, आणि मर्जी जाहाली तर पत्र पोचवी. त्यास ई-मेल म्हणत. ऐसा सरंजाम मंडळात आणखी एकट्या चिंतोपंतांकडे. बाकी शिलेदार बोईसरास जयवंतीबाईंच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन, आलेले वाचीत आणि सुचलेले लिहवीत. एकाने एक पक्षी पाहिला की सतरा मते पडत, आणि पक्षी तोवर उडोन जाई.

या फौजेत चिंचणीच्या हिराबाई मासळीवाल्या यांस खुद्द वामनरावांनी दाखल करोन घेतले होते. बोईसरच्या बाजारात बाईंच्या पाटीपुढे उकिडवे बसून, चारचौघांदेखत, त्यांनी विनंती केली. बाईंनी नकार दिला. सबब ऐसी की, शिकलेले लोक हसतात. तेव्हा वामनरावांनी पाटीतील सरंग्यावर हात ठेवून वचन दिले की, आमच्या मंडळात कोणी कोणास हसणार नाही. आणि हात धुवावयास पाणी मागितले. मग बाई रुजू जाहाल्या. एक दिवसाआड क्लासाच्या पायरीवर पाटी उतरून त्या बोलत, आणि जयवंतीबाई अक्षर न बदलता टंकीत. भरतीस कोण येतो, ओहोटीस कोण उतरतो, कोणता पक्षी बोंबील उचलितो आणि कोणता नुसताच साळसूदपणे उभा राहातो, हे सर्व त्या सांगत. त्यांची पत्रे वजा केली तर मंडळाच्या दौलतीत पालघर स्टेशनावरची कबुतरे तेवढी उरती, हे वामनराव मनोमन जाणून होते.

आता दुसरे सरदार, बोईसरचे चिंतोपंत, किताब दुर्बीणबहाद्दर. हा किताब त्यांनी स्वतःच घेतला होता. दुर्बीण जर्मन, पुस्तक विलायती, आणि चूक आजवर एकही नाही, ऐसा त्यांचा लौकिक त्यांच्याच तोंडून सर्वत्र पसरला होता. ते पौष शुद्ध पक्षी एस.टी.ने चिंचणीवरून जात असता, बस पंक्चर जाहाली म्हणोन खाली उतरले, आणि दुर्बीण लावून पाहतात तो किनाऱ्याकडे बांबूच्या टोकावर काळा करकोचा. पोट पांढरे, चोच लाल, पाय एक. चाक बदलेपर्यंत पाऊण तास पाहिले, पक्षी हलला नाही. त्याच सायंकाळी त्यांनी जाहीर केले की, ऐसा दुर्मिळ पक्षी या मुलुखी प्रथम आपणच पाहिला आणि तो स्वभावाने योगी आहे. तेरा असामींनी मुबारकबादी धाडली.

दुसरे दिवशी जयवंतीबाईंनी हे पत्र पायरीवर वाचून दाखविले. हिराबाईंनी पदराने तोंड पुसले आणि जो मजकूर सांगितला तो इतिहासात दाखल आहे: "ती माजे सासऱ्याची छत्री हाय. बोंबलांवर कावळं येतात म्हनून वलांडीवर बांदलीय."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालावयाची बांबूंची मांडणी, हे मंडळातील पुष्कळांस तेव्हाच कळले. चिंतोपंतांस मात्र इतराजी जाहाली. त्यांनी तडक उलट खलिता धाडिला की, ज्यांनी जन्मात पुस्तक उघडले नाही त्यांनी मासळी विकावी आणि शास्त्रात तोंड घालू नये. हिराबाईंचा जाब आला की, साहेबांनी दुर्बीण उलटी धरली असेल, एकदा आमच्या चाळिशीतून बघावे. मग मोर्चे लागले. नऊ असामी करकोच्याकडे गेल्या, पाच छत्रीकडे, आणि एक म्हणू लागले की करकोचा छत्रीवर बसला असेल. पूर्वी जेथे खंड्याचे कौतुक चाले, तेथे एकमेकांच्या चष्म्याचे नंबर निघो लागले.

वामनरावांनी मसलत करोन फर्मान काढिले. कलमे नऊ. पैकी मुख्य ऐसे की, प्रत्येक पत्राचा आरंभ सप्रेम नमस्काराने व्हावा, समोरच्यास माननीय म्हणावे, आणि अपशब्द वापरू नये. चिंतोपंतांनी फर्मान शिरसावंद्य करोन लिहिले की, सप्रेम नमस्कार, माननीय हिराबाई, आपण अत्यंत आदरणीय अज्ञानी आहात. कलमभंग कोठेच नव्हता. वामनरावांनी नऊही कलमे पुन्हा वाचिली आणि कपाळास बाम लाविला.

मग दुसरा बंदोबस्त केला. जयवंतीबाईंस वेशीवर तैनात केले की, कोणाचेही पत्र आधी तुमच्याकडे यावे, तुम्ही वाचावे, वाईट ते गाळावे, मग पुढे सोडावे. जयवंतीबाई काटेकोर. चिंतोपंतांचे तीन पानांचे पत्र मंडळास पोचले ते ऐसे: सप्रेम नमस्कार, आपला चिंतामण. या पत्रातही काही टोमणा असावा, ऐशा संशयाने मंडळ आठ दिवस भांडले.

इतक्यात हिराबाईंचा खलिता आला. जयवंतीबाईंनी यातले काहीएक गाळले नाही. "वामनकाका, तुमी बोललाव व्हता, कोन हसनार नाय म्हनून. परवा बाजारात एक गिऱ्हाईक मना इचारतो, बाय, करकोचा कसा किलो. तुमचं मंडळ तुमाला. मी आता येत नाय."

वामनरावांनी हा मजकूर कागदावर उतरवून, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेविला. जेवणात मन लागेना. ताटात त्या दिवशी सरंगाच होता. आजवर तारखात्यात छत्तीस वर्षे लोकांचे शब्द बिनचूक पोचविले, आणि आपला स्वतःचा एक शब्द बोईसर ते चिंचणी पोचवता आला नाही, याची त्यांस मोठी लाज वाटली. मग उठून हुकूम सोडिला की, येत्या रविवारी कुल लष्कराने चिंचणीस कूच करावे. चिंतोपंत समजले की करकोच्याच्या दर्शनास. वामनराव जाणत होते की बाईंच्या दारी.

रविवारी प्रातःकाळी अकरा असामी एस.टी.ने दाखल जाहाल्या. रसद म्हणोन थालीपिठे होती, ती तारापुरापर्यंतच पुरली. किनाऱ्यास पाऊल ठेवितात तो बांबूच्या टोकावर तोच पक्षी, तीच लाल चोच, तोच एक पाय. चिंतोपंतांनी हात वर केला. सर्व लष्कर वाळूत पालथे पडले आणि बोंबलांच्या रांगांआडून कोपरांवर सरपटू लागले. वामनरावांच्या टोपीस दोन बोंबील अडकले, ते त्यांनी शिस्तीखातर काढले नाहीत. ऐसे तासभर चालले.

मागाहून हिराबाई पाटी घेऊन आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आपल्या अंगणात अकरा भले लोक पालथे का पडले आहेत, हे त्यांनी कोणासही विचारिले नाही.

तोच खारा वारा सुटला. सुतळी तुटली. करकोच्याने पंख पसरले आणि लष्करात एकच आनंद जाहाला. परंतु पंख दोन असावयाचे ते आठ निघाले. लाल चोच म्हणजे मूठ, आणि पांढरे पोट म्हणजे आट्याच्या पिशवीचे ठिगळ, त्यावर गिरणीचे नावही वाचता येत होते. चिंतोपंतांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा चेहरा ऐसा जाहाला की, जणू भरती यावी आणि आपणास तेवढे घेऊन जावे.

दहा घशांत दहा हसू येऊन थांबली. कोणी कोणास हसणार नाही, हे वचन वामनरावांनी बाईंस दिले होते. ते चिंतोपंतांसही लागू आहे, हे त्यांस आत्ता कळले, आणि ते पाळणे आपल्या हाती मुळीच नाही हेही कळले. त्यांनी हिराबाईंकडे पाहिले. सर्वांनीच पाहिले. त्या हसतील तर सर्व हसणार होते.

हिराबाईंनी पाटी खाली ठेविली. म्हणाल्या, "मना पन लांबून तसांच दिसतां, साहेब. कावळं रोज बघतात, तरी फसतात. तुमी तर एकदाच बघितलाव."

कोणी हसले नाही. दोघांस खोकला आला, तो त्यांनी बाजूस जाऊन खोकला.

मग बाई म्हणाल्या की, पाखरेच बघावयाची तर पाठ फिरवा. अकरा असामी समुद्राकडे पाठ करोन पडल्या होत्या, त्या वळल्या. पाण्याच्या काठी काळेपांढरे, लाल चोचीचे पाच पक्षी कालवे फोडून खात होते. चिंतोपंत सात वर्षे हा पक्षी पुस्तकात पाहत होते. बाई म्हणाल्या, हे तर पुनवेच्या उधाणाला दरसाल येतात, कोणी विचारिले नाही म्हणोन सांगितले नाही. चिंतोपंत वाळूतून उठले, कपडे झाडले नाहीत, आणि दुर्बीण गळ्यातून काढून बाईंच्या हाती दिली. बाईंनी ती सरळ धरून पाहिले आणि म्हणाल्या, "बरी हाय. पन मना अशीच दिसतात."

तेथेच वाळूवर तहनामा जाहाला. नऊ कलमे रद्द होऊन एकच ठेविले, की कोणी काही पाहिले म्हणाला तर चूक काढण्याआधी, कोठून पाहिले, कसे पाहिले, हे विचारावे. चिंतोपंतांनी प्रथम सही केली. हिराबाईंनी मंडळात पुनश्च रुजू होण्याचे मान्य केले. वामनरावांनी खिशातील कागद काढून वाऱ्यावर सोडिला, तो बोंबलांत जाऊन अडकला. विजयाची निशाणी म्हणोन छत्री मिरवीत लष्कर बोईसरास परतले, आणि जयवंतीबाईंच्या क्लासात संगणकाशेजारी ती खिळ्यास टांगून, खाली चिंतोपंतांनी स्वहस्ते चिठ्ठी लाविली: काळा करकोचा, प्रथम ओळख हिराबाई यांची.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहाली, मंडळाची अब्रू राहिली, आणि वामनरावांनी ही नोंद पुढील पिढ्यांच्या माहितीस्तव करविली. तिसरे दिवशी हिराबाईंचे तहानंतरचे पहिले पत्र आले. सोळाही असामी वाचावयास उत्सुक होत्या. जयवंतीबाईंनी जसेच्या तसे टंकले होते:

"सगल्यांना नमस्कार. पाखरांचां मागून सांगते. आदी छत्री आनून द्या. कावळं बोंबील नेतात."