बुवांची पुण्यतिथी, मियाँची जयंती

"आज घरात शिरा होणार नाही," त्र्यंबकराव कुंभोजकर म्हणाले. "आज दाजीबुवांची पुण्यतिथी."

"आणि नन्हेमियाँ सारंगीवाल्यांची जयंतीही आजच ना?" कालिंदीबाईंनी विचारलं. "जयंतीला शिरा हा तुमचाच नियम. रवा भाजून झालाय माझा."

त्र्यंबकराव कढईकडे बघतच राहिले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ गायक-वादकांच्या जन्ममरणावर घर चालवत होता. जयंतीला गोडधोड आणि दिवसभर गाणं. पुण्यतिथीला पांढरे कपडे, फोन बंद आणि दुपारपर्यंत मौन. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस आजवर एकदाही लक्षात राहिला नव्हता, पण कुठला बुवा कधी गेला ते झोपेत विचारलं तरी सांगत. आता एकाच तारखेला एक बुवा गेलेले आणि एक मियाँ जन्मलेले. माणसानं करायचं तरी काय?

त्यात आजच लेकीला, अवंतिकाला, बघायला जवळच्याच गडमुडशिंगी गावची मंडळी येणार होती. बघायला म्हणजे नावालाच. अवंतिका आणि राजवीर कागल एमआयडीसीत एकाच कंपनीत होते. त्यांचं आपापसात कधीच ठरलं होतं. जात वेगळी, चालीरीती वेगळ्या, म्हणून दोन वर्षं दोन्ही घरांत धुसफूस चालली होती. कशीबशी राजवीरची आजी बायडाबाई तयार झाली होती, आणि त्या घरात आजीचा शब्द शेवटचा होता.

"बाबा, आजचा दिवस सोडा की," अवंतिका काकुळतीला आली. "आजी बिथरली तर सगळं संपलं."

"पाहुणे दुपारनंतर येणार. तोवर माझं मौन सुटतंय," त्र्यंबकराव म्हणाले आणि त्यांनी तोडगा काढला. बाहेरच्या खोलीत पुण्यतिथी, स्वयंपाकघरात जयंती. बाहेर बुवांचा फोटो, हार, उदबत्ती. आत टेपरेकॉर्डरवर सारंगी आणि कढईत शिरा. फोन सगळ्यांचे बंद. मग पांढरा सदरा घालून ते फोटोसमोर बसले आणि त्यांनी तोंड मिटलं.

पाहुणे सकाळीच आले. लवकर आवरलं म्हणून निघाले. कळवायला फोन केला तर एकही लागेना. राजवीर आजीला आणि वडिलांना दारात उतरवून गाडी लावायला जागा शोधत गेला. मंगळवार पेठेत जागा शोधायला गेलेला माणूस कधी परत येईल ते देवही सांगू शकत नाही.

बायडाबाईंनी दारातून फोटो बघितला, पांढऱ्या कपड्यातले मुके त्र्यंबकराव बघितले आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. राजवीरच्या वडिलांनी, जोतीरामांनी, डोक्यावरची टोपी काढली. दोघं खाली सतरंजीवर बसले.

"कोण हुतं?" बायडाबाईंनी हळूच विचारलं.

त्र्यंबकरावांनी छातीवर हात ठेवला. तेवढ्यात कालिंदीबाई लगबगीनं बाहेर आल्या. "अगंबाई, आलात का? हे ना, ह्यांचे बुवा. वडिलांच्या जागीच म्हणा."

"कवा गेलं?"

"आजच की! बसा हं, शिरा आणते."

बायडाबाईंनी लेकाकडे बघितलं. लेकानं खांदे उडवले. यांच्यात अशीच पद्धत असेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"आन आत वाजतंय काय?"

"मियाँची सारंगी. आज वाढदिवस त्यांचा!"

"कुठं हायती ते?"

"तेही गेले हो," कालिंदीबाई हसतमुखानं म्हणाल्या आणि शिरा आणायला आत पळाल्या.

"आवं माझ्या कर्मा! एका दिवसात दोन?" बायडाबाई पुटपुटल्या. "जोत्या, ऊठ. बाईला धसका बसलाय, म्हणून हसतीया."

त्र्यंबकरावांना आता घाम फुटला. ते उठले, दोन्ही हात हलवून नाही नाही करू लागले. जोतीरामांनी त्यांना घट्ट मिठीच मारली. "मन खंबीर करा, पावणं. रडू नगासा." मग मायलेक खाली मान घालून निघून गेले. पाण्याला हात लावला नाही, 'येतो' म्हणाले नाहीत. दुखवट्याच्या घरातून असंच निघायचं असतं.

कालिंदीबाई शिरा घेऊन आणि त्यांच्या मागून अवंतिका चहाचा ट्रे घेऊन आली, तर सतरंजी मोकळी.

"येतोसुद्धा न म्हणता गेले?" अवंतिकानं ट्रे तसाच खाली ठेवला. "म्हणजे मोडलंच. बाबा, मेलेल्यांचे सगळे दिवस तुम्ही पाळता. माझा एक दिवस नाही पाळता आला?"

"चुकलं माझं," त्र्यंबकरावांचं मौन तिथंच सुटलं. त्यांनी आत जाऊन सारंगी बंद केली आणि जन्मात पहिल्यांदाच बुवांच्या फोटोकडे पाठ करून बसले. शिरा कुणी खाल्ला नाही, अवंतिकानं रागानं फोनही चालू केला नाही.

दुपारी दार वाजलं. दारात बायडाबाई. मागे जोतीरामांच्या डोक्यावर टोपलं, आणि दोन्ही हातांत डबे धरलेला राजवीर.

"पिठलं-भाकरी हाय," बायडाबाई म्हणाल्या. "दुखाच्या घरात चूल पेटत न्हाय. सोयरीक हुईल न्हाय हुईल, माणूस उपाशी ठेवायचा न्हाय."

अवंतिका रडता रडता हसायलाच लागली. त्र्यंबकरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. बुवांना जाऊन सत्तर वर्षं झाली होती.

"सत्तर वर्सं?" बायडाबाई दारातच टेकल्या. "आन मी पोराला गाडीतनं उतरू दिलं न्हाय! ते बोंबलत हुतं, आज्जे, इचारून तरी येतो म्हणून!" त्यांनी त्र्यंबकरावांना खालीवर न्याहाळलं. "पर सत्तर वर्सं मेल्याली माणसं जपतुयासा, म्हंजे जितं सोयरं बी जपशिला. शिरा हाय का संपला?"

पिठलं-भाकरी आणि शिरा एकाच ताटात पडलं. जेवता जेवता बायडाबाईंनी तारीखही काढली. "बावीस मे. आमच्या भटजीनं सांगितल्याली. बँड लावणार, डॉल्बी लावणार. त्या दिवशी कोण गेल्यालं-बिल्यालं न्हाय न्हवं?"

त्र्यंबकरावांचा घास हातातच थांबला. बावीस मे म्हणजे बुवांच्याही गुरूंची पुण्यतिथी. त्या दिवशी या घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजू द्यायची नाही, असा गेल्या आठ वर्षांचा दंडक होता.

त्र्यंबकरावांनी लेकीकडे बघितलं. मग घास गिळला.

"बावीस मे?" ते म्हणाले. "छे, त्या दिवशी संगीतात काहीच घडलेलं नाही."