टिपकागदावर डाग न पडणारी पुरी

आमचा रुद्र पहिलीत आहे आणि डब्यात फक्त पुरी खातो. पोळी दिली तर डबा जसाच्या तसा परत येतो; भाकरी दिली तर डबाच परत येत नाही. त्यामुळे 'तळीव पदार्थ आणू नयेत' असं परिपत्रक आलं, तेव्हा मी पुसेगावहून पहिल्या एसटीने शाळा गाठली.

"पुरीला बंदी नाही," वर्गशिक्षिका शितल मॅडम म्हणाल्या. "बंदी तेलाला आहे."

"पण मॅडम, तेलाशिवाय पुरी..."

"ते पालकांनी आपल्या स्तरावर पाहावं."

नियम स्पष्ट होते. मधल्या सुट्टीत प्रत्येक पदार्थ टिपकागदावर दहा सेकंद दाबला जाईल. डाग पडल्यास लाल शेरा. तीन लाल शेरे झाल्यास पालकांचं समुपदेशन. तरीही सुधारणा न दिसल्यास प्रगतिपुस्तकात 'घरचं वातावरण तेलकट' अशी कायमची नोंद.

मी बी.एस्सी. आहे. लाल शेऱ्याला लहानपणापासून भिते. फोनवर शोधलं तर एक बाई हसत हसत पाण्यात पुरी तळत होत्या. मी गव्हाचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं एक वाटी घेतलं, घट्ट भिजवलं आणि कढईत पाणी उकळायला ठेवलं.

"पुनम, काय करून राहिली?" सासूबाईंनी, म्हणजे सखुबाईंनी, दारातून विचारलं.

"पुरी तळतेय, आत्याबाई."

"पाण्यात?"

"व्हय."

"मंग अंघोळ तेलात करायची का आता?"

उकळलेली पुरी मी एअर फ्रायरमध्ये घातली. ती फुगली, आणि विशेष म्हणजे फुगलेलीच राहिली. रुद्रनं तिच्यावर बोटानं टकटक केली.

"आई, ही वाजते."

टिपकागद कोरा निघाला. मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला; त्रेसष्ट अंगठे आले. संध्याकाळी डबा उघडला, तर पुरी आत होती. अख्खी. दप्तर पाठीवर तसंच ठेवून रुद्र ओट्यावर झोपी गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी पीठ भिजवायला घेतलं आणि थांबले. नवी पुरी पास होईलच याची काय हमी? सिद्ध झालेला नमुना कुणी बदलतं का? मी तीच पुरी डब्यात ठेवली. तिसऱ्या दिवशीही. अशी ती पुरी बारा दिवस शाळेत गेली. एकही दिवस गैरहजर नाही.

"कागदाला तेल लागलं न्हाई ते ठीक," सासूबाई म्हणाल्या, "पर लेकराच्या अंगालाबी काही लागून न्हाई राहिलं. काहून छळून राहिली त्याला?"

तेराव्या दिवशी शाळेचं पत्र आलं. पाल्याचं वजन एक किलोने घटलं आहे, खुलासा सादर करावा. मी घाबरत गेले. मॅडमनी दोन रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली.

"बारा दिवस, डाग शून्य. म्हणजे आहार उत्तम."

"हो, पण तो..."

"आहार उत्तम असताना वजन घटेल कसं?" त्यांनी वजनाच्या आकड्यावर रेघ मारून जुना आकडा लिहिला. काटा दुरुस्तीला गेला. मला 'आदर्श पालक' म्हणून सभेत मार्गदर्शनाला बोलावलं.

सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापक हरिचंद सरांनी माझी पुरी काचेच्या बरणीत ठेवून सर्वांना दाखवली. मी बोलत होते, साठेक आया लिहून घेत होत्या, फोन वर धरत होत्या. तेवढ्यात रुद्र व्यासपीठावर आला आणि त्यानं माझा पदर ओढला.

"आई, भूक लागली."

माईकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला.

"ताई, पाणी उकळतंच घ्यायचं की कोमट चालेल?"

"उकळतंच," मी म्हणाले. रुद्रकडे पाहिलं ते त्यानंतर.

तुम्ही त्या सभेत नव्हता, हे खरं. पण पिठाचं माप तुम्हीही मघाशी मनात टिपून घेतलंतच. घरी गेल्यावर तो जेवला का, हे मात्र तुम्ही अजून विचारलेलं नाही.