दर्याकडे पाठ केलेला बाक

दाजी केळुसकर समोरून येताना दिसले की आमच्या गावातली शहाणी माणसं तोंड घट्ट मिटून घेत. हात जोडावेत, मान हलवावी, मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी, पण तोंड म्हणून उघडू नये. कारण दाजी कधी गाऱ्हाणं घालतील याचा नेम नव्हता, आणि गाऱ्हाणं कानावर पडल्यावर आपल्या तोंडून काय बाहेर पडेल ते आपल्या हातात नव्हतं.

ज्यांना आमच्याकडची ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठलंही काम काढायचं, म्हणजे होडी पाण्यात लोटायची, लग्न ठरवायचं, दशावताराचा खेळ लावायचा, तर आधी देवापुढे नारळ ठेवून गावचा एखादा जाणता माणूस देवाला हाक मारतो. "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करून सगळ्यांची मागणी खड्या आवाजात देवाच्या कानावर घालतो. मागणी संपली की जमलेले सगळे एका दमात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. त्यामुळे त्या सुरात कुणी नुसतं "म्हाराजा" म्हणून थांबला, की पुढचं आमच्या जिभेवरून आपोआप घरंगळतं. मी वेंगुर्ल्याची, चांगली बी.ए. बी.एड. झालेली, इथल्या मुलींच्या शाळेत शिकवणारी. पण माझीही तीच गत.

दाजींनी नेमकं हेच हेरलं होतं.

दाजी आमच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर गाड्यांच्या घोषणा करून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की कर्णा बिघडला तरी गाडी चुकायची नाही. त्यांना सगळ्या जगात गाड्याच दिसत. जेवण वाढलं की "गाडी लागली!", पाऊस थांबला की "गाडी सुटली!" त्यांच्या खिडकीशेजारी बायकांसाठी एक लाकडी बाक होता. रोज दुपारी काकी, म्हणजे दाजींच्या पत्नी, डबा घेऊन यायच्या आणि दाजींचं जेवण होऊन डबा रिकामा होईपर्यंत त्या बाकावर बसायच्या. दाजी जेवायला फार वेळ लावतात, एवढीच तेव्हा त्याबद्दल आमची तक्रार होती, कारण तेवढा वेळ चौकशीची खिडकी बंद असायची.

मग दाजी निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी गावाला वेठीला धरलं.

खाडीच्या तोंडाशी, एस.टी.च्या वळणावर, नगरपालिकेची एक मोकळी जागा होती. तिथे 'नियोजित उद्यान' अशी पाटी होती. जिल्हा वेगळा झाला, रस्ता डांबरी झाला, दोनचार घरांवर टीव्हीचे सांगाडे उभे राहिले, तरी उद्यान आपलं नियोजितच. पाटीला तेवढा अधूनमधून रंग मिळे. बाकी निवडुंग, फुटकी होडी आणि गावभरची कुत्री. नगरपालिकेचं म्हणणं असं, की कुंपण आणि नळ आम्ही देऊ, बाकीचं लोकसहभागातून व्हावं. ओव्हरसियरने हा शब्द उच्चारला आणि दाजी पेटलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मासळीबाजारात उभे. बाजार भरात, माणसांची ही झुंबड.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या गावातल्या पोरांक खेळाक जागा नाय, म्हाताऱ्यांक बसाक जागा नाय. जी आसा तेच्यात निवडुंग माजलो हा. तर उद्या सकाळी जो कोण कोयतो घेवन थंय येतलो, तेच्या हाताक येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा बाजार.

मग दाजी कंट्रोलरच्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी व्हय म्हटलात मां? म्हंजे तिकीट फाडून झाला. गाडी साताक सुटतली."

लोक हसले, शिव्या दिल्या, पण देवाला दिलेला शब्द मोडायचा कुणी? सकाळी सातला निवडुंगापेक्षा कोयते जास्त झाले. पुढे दाजींनी असंच एका लग्नाच्या पंगतीत पायवाटेचे चिरे मिळवले, केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेल्या एका कंत्राटदाराकडून वाळू काढली. कोळीण पारू तर माझ्याकडे रडगाणं घेऊन आली. "ह्या दाजीन माका अडकयल्यान गो बाई! आता दर आयतवारी झाडांक मासळीचा खत घालूचा." मी तिला फिदीफिदी हसले.

आठ दिवसांनी तिच्याचकडे बांगड्यांचा भाव करत होते. पाठीमागून आवाज आला, "...आणि ह्या झाडांक पाणी घालूक शाळेतली चेडवां आणि तेंची बाई येतली, तेंका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणाले, आणि मग मागे वळले. पारूने हसून हसून दोन बांगडे फुकट दिले.

तेव्हापासून शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी आणि माझ्या मुली, हातात कळशा, बागेत. पहिल्या महिन्यात मी दाजींना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगायचं तर, भाड्याच्या खोलीत एकटीने राहणाऱ्या बाईला शाळेनंतर जाण्याजोगी जागा कुठे होती? पुरुषांना पूल होता, हॉटेल होतं, देवळाचा कट्टा होता. मी आपली खोलीत बसून वह्या तपासायची. कळशी हातात आली, मी रोजच जायला लागले आणि मला संध्याकाळ मिळाली. याबद्दल मी त्या माणसाची जन्माची ऋणी आहे.

बाग हळूहळू बाग दिसायला लागली. झोपाळा आला, घसरगुंडी आली, सुरूची रोपं धरली. आणि बाकांची वेळ आली तेव्हा दाजी अडून बसले.

आराखड्यात चिऱ्यांचे चार बाक होते, चारही समुद्राकडे तोंड केलेले. दाजींचं म्हणणं, पाचवा बाक हवा, तो फक्त बायकांचा हवा, आणि त्याचं तोंड रस्त्याकडे हवं. समितीतले लोक खो खो हसले. एकजण म्हणाला, "दाजीनू, बायलांक बाक कित्याक? तेंका घरात काय जागा नाय?"

"घरात तुका पण आसा," दाजी म्हणाले. "मगे तू रोज पुलार खंय मरूक जातंस?"

बाकीचे आता त्यालाच हसले. पण मुख्याधिकारी वानखेडे साहेब ऐकेनात. साहेब नागपूरकडचे, माणूस सज्जन, पण गाऱ्हाण्याचा त्यांना संसर्ग नव्हता. त्यांच्यापुढे कितीही वेळा "म्हाराजा" म्हटलं तरी ते नुसते बघत राहायचे. दाजींचं एकुलतं एक शस्त्र तिथे चालत नव्हतं. झाडांच्या पाण्यासाठी सही हवी म्हणून मी एकदा कचेरीत गेले होते, तेव्हा दाजी साहेबांच्या टेबलापुढे उभे होते.

"समुद्राकाठची बाग, आणि बाकाची पाठ समुद्राकडे?" साहेब म्हणत होते. "काहून जी?"

"साहेबांनू, दर्या खंय जाता? काल थंय होतो, आज पण थंयच आसा. वळणार गाडी थांबता, माणसां उतारतत. कोणाची चेडू म्हायेराक इली, कोणाचो झील मुंबयसून इलो, कोण कोणाक न्हेवक इलो. ता सोडून पाण्याकडे काय बघूचा?"

"पण पाचव्या बाकाला पैसे नाहीत, आणि रस्त्याकडेला मला कोनशिला बसवायची आहे."

दाजींनी सुस्कारा सोडला. टोपी सारखी केली. मग खिडकीतून बाहेर, देवळाच्या दिशेने बघून त्यांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! हो साहेब लांबसून इलो हा. मनान बरो आसा. तेच्या पेन्सिलीक बरी वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कचेरी दणाणली. कारकुनांच्या टेबलांवरून, घरपट्टीच्या रांगेतून, आत चहा घेऊन येणाऱ्या शिपायाच्या तोंडून. हो, आणि माझ्याही.

साहेबांनी दारातून आपल्याच माणसांकडे पाहिलं. "हे काय चाललंय?"

शिपाई चहा ठेवत म्हणाला, "साहेब, आता काय इलाज नाय. देवाक सांगून झाला."

साहेब ओठ दाबून हसले. कोनशिला झोपाळ्यामागे सरकली आणि पाचवा बाक आराखड्यात आला. चिरे पुन्हा एका लग्नाच्या पंगतीतून मिळाले.

बागेचं उद्घाटन झालं. संध्याकाळी सगळा गाव लोटला. पोरांनी झोपाळ्यावर मारामाऱ्या केल्या, समुद्राकडच्या चार बाकांवर पुरुष मांडी ठोकून बसले. आणि पाचवा बाक रिकामा. दुसऱ्या दिवशीही रिकामा. तिसऱ्याही. बायका कुंपणाशी घुटमळत, बाकाकडे बघत आणि पुढे जात. कामाशिवाय बागेत जाऊन बसायचं, म्हणजे लोक काय म्हणतील? खोटं कशाला बोलू, मीसुद्धा कळशी हातात असेपर्यंतच तिथे थांबायची.

दाजी रोज यायचे, खांद्यावरच्या पंच्याने तो बाक पुसायचे, आपल्या घराच्या पाणंदीकडे बघायचे आणि परत जायचे.

एका शनिवारी मला राहवलं नाही. "दाजी, सगळ्या गावाला अडकवलंत, मग या बाकासाठी घाला की एक गाऱ्हाणं!"

दाजी त्या बाकावर बसले नाहीत. बायकांचा ना तो. शेजारी जमिनीवर बसले. "गाडी लागली आसा बाईनू, पण पॅसेंजर नाय. आणि आपल्या घरासाठी आपण गाऱ्हाणा घालूचा नसता. ता दुसऱ्यान घालूचा असता."

"घरासाठी म्हणजे?"

"आमचा घरातला," ते म्हणाले. मग गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून अगदी हळू आवाज आला. "स्टँडार ती रोज बाकार बसायची. माझो डबो ह्या नुसता निमित्त. कोण इलो, कोण गेलो, रात्री माका सगळा सांगायची. हसायची. ती बसाक व्हयी म्हणान मी सावकाश जेवायचंय. मी रिटायर झालंय, माका हार घातल्यानी. तिचो बाक गेलो, ता कोणाच्या ध्येनात पण इला नाय. आता मागल्या दारी बसता. बोलणाच बंद झाला हा. मी म्हटलंय, चल बागेत. तर म्हणता, माझा थंय काय काम?"

चौकशीची खिडकी बंद म्हणून आम्ही इतकी वर्षं ज्या जेवणाला नावं ठेवत होतो, ते जेवण असं होतं तर. मी कळशी उचलली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पारूला गाठलं, मुख्याधिकारी साहेबांच्या पत्नी वानखेडेबाईंना गाठलं, शेजारपाजारच्या चारपाच जणींना गोळा केलं आणि दाजींच्या अंगणात नेऊन उभं केलं. दाजी विहिरीवर पाणी काढत होते. काकी आत स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. शेवटी वर्गात हजेरी घेते तो आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

दाजींच्या हातातला दोर थांबला.

"आज ह्या घरातल्या पुरुषान सगळ्या गावाक बसाक जागा केली. सगळ्यांसाठी तुझ्याकडे मागल्यान, आपल्यासाठी काय एक मागूक नाय. तर ह्या घरातली लक्ष्मी उद्यापासून रोज आमच्या वांगडा बागेत येवन बाकार बसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या बायका. वानखेडेबाईंनीसुद्धा, एक शब्द मागून.

आणि आतून, भांड्यांच्या आवाजातून, स्वच्छ ऐकू आलं, "व्हय म्हाराजा!"

भांडी थांबली.

"काकी, आमी आयकला हां!" पारू ओरडली.

काकी तोंडावर हात धरून दारात आल्या. "अगे बाय माझे! माझ्या तोंडातसून कसा भायर पडला गो ह्या?" आणि हसायलाच लागल्या. पदर तोंडात कोंबून हसल्या. दाजी विहिरीकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या सुमाराला काकी पाणंदीतून येताना दिसल्या. नऊवारी चापूनचोपून नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. आणि हातात तो जुना, पोचे आलेला, स्टँडवरचा डबा. कामाशिवाय यायचं कसं? म्हणून काम घेऊन आल्या होत्या. घरी पोटभर जेवलेले दाजी डबा उघडून पुन्हा जेवायला बसले. अगदी सावकाश, एकेक शीत मोजल्यासारखे.

काकी बाकावर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. पारू टोपली खाली ठेवून शेजारी टेकली. वळणावर गाडीचा आवाज आला. दाजींनी घास बाजूला ठेवला, तोंड पुसलं आणि साऱ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाले, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मालवणला जाणारी गाडी येत आहे."

"जेवा आधी," काकी म्हणाल्या. "कढी सांडतली."

मी कळशी घेऊन झाडांकडे निघाले होते. काकींनी मला पाहिलं, पारूला कोपराने ढोसलं आणि दोघी सरकल्या.

"ठेव गो बाय ती कळशी. बस. मागसून मुंबयची येवची आसा."

मी कळशी खाली ठेवली आणि बसले, दर्याकडे पाठ करून.